समई की दीपमाळ? शाळेचं नाव आणि बोधचिन्ह कसं वाचावं

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमची शाळा खटाव-माण भागातली, १९७४ साली सुरू झालेली, ग्रामदैवत भैरवनाथाच्या नावाची. पन्नास वर्षांची स्मरणिका निघते आहे आणि 'आमचं नाव, आमचं बोधचिन्ह' हे पान तुमच्या वाट्याला आलं आहे. चिन्हात वर्तुळ, मागे डोंगर आणि सूर्य, मधे उघडं पुस्तक, त्यावर समई, दोन्ही बाजूंना कणसं आणि खाली 'तमसो मा ज्योतिर्गमय'. समितीतल्या एकांनी मजकूर तयार करून दिला आहे: सूर्य म्हणजे ज्ञान, पुस्तक म्हणजे विद्या, समई म्हणजे संस्कृती, कणसं म्हणजे समृद्धी. तो तुम्हाला पोकळ वाटतो, पण खरा अर्थ सांगणारं कुणी सापडत नाही. त्यात दोन विश्वस्तांचं म्हणणं की याच निमित्ताने चिन्ह 'मॉडर्न' करून टाकावं. सोबत तुम्ही दोन फोटो दिलेत: १९८१ च्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा शिक्का आणि प्रवेशद्वारावरचा सध्याचा फ्लेक्स.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. स्मरणिका, गौरव अंक, जुन्या बोधचिन्हांची दुरुस्ती ही कामं नोकरीत असल्यापासून माझ्याकडे येत राहिली, साताऱ्यातून आणि सांगलीतूनही. त्या कामातून जे हाती आलं ते सांगते.

समितीने दिलेल्या मजकुरात चूक अशी काही नाही. अडचण ही की तो कुठल्याही शाळेचा आहे. त्यात तुमच्या शाळेच्या जागी शेजारच्या गावच्या शाळेचं नाव घालून वाचा. एकही वाक्य खटकणार नाही. सूर्याचा, दिव्याचा, पुस्तकाचा सर्वसाधारण अर्थ सगळ्यांना माहीतच असतो; तो सांगायला स्मरणिकेचं पान खर्च करायची गरज नाही. तुम्हाला शोधायचं आहे ते वेगळं: हे नाव आणि हे चिन्ह कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं. अर्थ त्या निर्णयात असतो.

आपल्याच जिल्ह्यातलं सर्वांत ओळखीचं चिन्ह घ्या, रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष. वडाचा कोशातला अर्थ बघितला तर दीर्घायुष्य, सावली, वटपौर्णिमा असं काहीही निघेल. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था काढली आणि पुढे गावोगाव शाखा उघडल्या, हे माहीत असलं की त्याच वडात आपण पारंब्या बघायला लागतो. पारंबी खाली येते, मातीत रुजते, तिचंच खोड होतं आणि ते फांदीला आधार देतं. शाखा आणि मूळ यांचं हे नातं संस्थेने प्रत्यक्ष जगून दाखवलं, म्हणून तो वड रयतचा झाला. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' या ओळीचंही तसंच. 'कमवा आणि शिका' ही योजना तिच्यामागे नसती, तर ती भिंतीवर रंगवलेली आणखी एक ओळ राहिली असती. म्हणून माझा पहिला नियम असा की चिन्हाकडे बघण्याआधी संस्थेच्या पहिल्या पाच-दहा वर्षांकडे बघायचं.

आता एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळा गावच्या स्वतंत्र संस्थेची असेल तर निर्णय गावातच झाला आणि त्याचे धागे गावातच सापडतील. मोठ्या संस्थेची शाखा असेल तर चिन्ह मुख्य संस्थेचं असतं. त्याचा अर्थ शाखेने आपल्या मनाने लिहू नये, मुख्य कार्यालयाकडून मागवावा. तिसरा प्रकार आपल्या भागात बराच आढळतो. गावकऱ्यांनी शाळा काढली, काही वर्षांनी खर्च झेपेना म्हणून ती मोठ्या संस्थेकडे सोपवली. अशा शाळेला दोन चिन्हं असतात आणि पहिलं विसरलेलं असतं. तुमच्या लिहिण्यावरून तुमची शाळा पहिल्या प्रकारात दिसते, त्यामुळे पुढचं सगळं तेच धरून लिहिते.

आधी नाव. 'ग्रामदैवताचं नाव दिलं, त्यात काय शोधायचं' असं बरेचजण म्हणतात. मी मात्र अशा शाळेत पहिल्यांदा एकच विचारते: पहिला वर्ग कुठे भरला होता? आपल्याकडच्या कितीतरी शाळांचा पहिला वर्ग देवळाच्या सभामंडपात, ओवरीत, चावडीत नाहीतर तालमीत भरलेला असतो. शाळेची जागा देवस्थानच्या जमिनीतून मिळालेली असते, किंवा यात्रा कमिटीकडे उरलेल्या पैशातून पहिली बाकं आलेली असतात. तसं असेल तर भैरवनाथाचं नाव हा निव्वळ भक्तीचा भाग राहत नाही; छप्पर कुणी दिलं याची ती नोंद असते. नाव सुचवणाऱ्यांनी दुसराही विचार केलेला असू शकतो. गावात दोन गट असतील, तर जिवंत माणसाचं किंवा एका भावकीतल्या पूर्वजाचं नाव दिलं की निम्मं गाव दूर जातं. देवाच्या नावाला कुणी विरोध करत नाही. हे ऐकायला साधं वाटतं, पण १९७० च्या आसपास गावात शाळा उभी करणं ही सगळ्या आळ्यांना एका बैठकीत बसवण्याची कसरत होती, आणि नाव हा तिचा पहिला ठराव असायचा. यातलं तुमच्याकडे काय घडलं ते म्हातारी माणसं सांगतील, पण त्यांना तसं विचारायला हवं.

नावाच्या बाबतीत घाई केली की काय होतं त्याची उदाहरणं आपल्या आसपासच आहेत. साताऱ्यात 'छत्रपती शाहू' म्हटलं की दोन व्यक्ती उभ्या राहतात. एक थोरले शाहू महाराज, १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक झालेले, ज्यांच्यामुळे साताऱ्याला शाहूनगर हे नाव आलं. दुसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२. कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते नामकरण झालेल्या वसतिगृहाच्या नावातले शाहू हे दुसरे. कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची चळवळ त्यांनी उभी केली होती आणि भाऊराव स्वतः कोल्हापुरात शिकत असताना त्यांच्या सहवासात आले होते. गाव साताऱ्याचं म्हणून कुणी या वसतिगृहाच्या नावाखाली थोरल्या शाहूंचं चित्र छापलं, तर एका ओळीत सगळा इतिहास उलटा होतो. तुमच्या तालुक्यातच दुसरं उदाहरण आहे. वडूजच्या हुतात्मा परशुराम विद्यालयाच्या नावातले परशुराम म्हणजे परशुराम घार्गे, ९ सप्टेंबर १९४२ च्या वडूजच्या मोर्चात इंग्रजांच्या गोळीबारात पडलेले. बोलताना 'हुतात्मा' गळला की बाहेरच्या माणसाला पुराणातला परशुराम आठवतो. म्हणून नाव पूर्ण लिहायचं, नोंदणीत आहे तसं, आणि त्यातली व्यक्ती कोण ते पहिल्याच वाक्यात सांगायचं.

नाव आणि शाळा एकाच दिवशी जन्मली असं धरून चालू नका. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या ज्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश नोंदला गेला, ती तेव्हा सरकारी हायस्कूल होती; छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं नाव तिला पुढे मिळालं. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी काढलं ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने. वालचंद हिराचंद यांचं नाव १९५५ साली आलं. दोन्ही ठिकाणी आजच्या नावावरून स्थापनेची गोष्ट सांगायला गेलं तर ती चुकते. तुमच्या शाळेचंही १९७४ च्या पहिल्या पत्रव्यवहारात 'न्यू इंग्लिश स्कूल' असं काही नाव असेल आणि भैरवनाथ नंतर आला असेल, तर आश्चर्य मानू नका. ते वर्ष शोधा, कारण त्याच वर्षी काहीतरी घडलं असणार. इमारत झाली असेल, जमीन मिळाली असेल, नाहीतर अनुदान सुरू झालं असेल.

आणि नाव किती नेमकं असू शकतं ते बघायचं असेल तर साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल बघा. कर्मवीरांनी ते १९४० साली काढलं, मोफत आणि निवासी. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आदल्याच वर्षी वारले होते, आणि आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा राजा म्हणून देश त्यांना ओळखत होता. फी न घेणाऱ्या हायस्कुलाला याहून योग्य नाव शोधून सापडलं नसतं. तिथे नावच शाळेचं धोरण सांगतं. मला हे उदाहरण फार आवडतं, आणि नाव ठरवायला बसलेल्या प्रत्येक समितीला मी ते सांगते.

आता तुमच्या चिन्हाकडे येऊ. त्याआधी चिन्हं कशी बिघडत जातात ते समजून घ्यायला हवं, नाहीतर दोन फोटोंतला फरक नजरेत भरणार नाही. त्या काळात चिन्ह बहुतेक वेळा गावातल्या पेंटरने बोर्डावर किंवा एखाद्या शिक्षकाने कागदावर काढलेलं असायचं. त्यावरून लेटरहेडसाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचे. तो कोल्हापूर-पुण्याकडून करून यायचा आणि छापखान्यात खिळ्यांबरोबर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांबरोबर, बसवून छापला जायचा. रबरी शिक्का त्याहून लहान, त्यात बारीक रेषा शाईने भरून जायच्या. ब्लॉक झिजला की छापखानेवाला जुन्या छापावर ट्रेसिंग ठेवून नवीन काढायचा. पुढे संगणक आला तेव्हा डीटीपीवाल्याच्या हाती पडला तो तिसऱ्या-चौथ्या पिढीतला गिचमिड झालेला छाप. त्याला जे ओळखू आलं ते त्याने ठेवलं आणि जे ओळखू आलं नाही तिथे तयार चित्रांच्या सीडीतलं जवळचं चित्र बसवलं. लग्नपत्रिकेवरची समई, कॅलेंडरवरचा सूर्य, बिस्किटाच्या पुड्यावर शोभतील अशा गव्हाच्या ओंब्या शाळांच्या चिन्हांत शिरल्या त्या अशा. यात त्या माणसाचा दोष नाही. त्याला सकाळी दहाच्या आत निमंत्रणपत्रिका द्यायची होती आणि मूळ चित्र कुणीच आणून दिलं नव्हतं.

म्हणून मी नेहमी सर्वांत जुना छाप धरते, तो कितीही अस्पष्ट असला तरी. तुमचा १९८१ चा शिक्का मी मोठा करून पाहिला. फ्लेक्सवर समई आहे: बैठक, दांडा, वाटी, वर मोर. शिक्क्यात मात्र मला दांडा दिसत नाही. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला एक आकार आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना एकावर एक लहान टोकं बाहेर आली आहेत. समईला अशी टोकं नसतात. देवळापुढच्या दगडी दीपमाळेला असतात. पणत्या ठेवायला बाहेर काढलेले ते दगडी हात. तुमच्या भैरवनाथाच्या देवळापुढे दीपमाळ आहे का? असेल तर शिक्क्याची मोठी प्रत हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहा आणि खालचा चौथरा, हातांच्या ओळी, वरचं टोक जुळतं का ते पाहा. जुळलं, तर तुमच्या पानाचा गाभाच सापडला असं समजा. कारण मग नाव आणि चिन्ह यांचा सांधा लागतो. शाळेला देवाचं नाव दिलं, पण चिन्हात मूर्ती, त्रिशूळ, डमरू यांपैकी काही घेतलं नाही. घेतली ती देवळापुढची दीपमाळ, जिच्यावर गावातल्या कुठल्याही घरची पणती ठेवता येते. आणि खालची संस्कृत ओळही मग उगीच आलेली वाटत नाही. यातला शेवटचा अर्थ माझा आहे, संस्थापकांचा असेलच असं नाही. हा फरक पुढे लिहिताना लागणार आहे.

कणसं नीट बघा. फ्लेक्सवर कुसळांच्या गव्हाच्या ओंब्या आहेत. शिक्क्यात भरगच्च, अंडाकृती बोंड दिसतं. ते ज्वारीचं कणीस. बाजरीचं असतं तर लांब आणि सरळ दंडगोल निघालं असतं. माण-खटावमध्ये १९७४ साली शाळेच्या चिन्हात गहू कोण काढेल? तिथे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि बाजरी. आता ज्वारी का, याची दोन कारणं असू शकतात. पहिलं, वर्गणी. रोख पैसा नसलेल्या गावांनी शाळेला धान्य दिलं. ही रीत कर्मवीरांच्या मुष्टिफंडापासून आपल्याकडे रुजलेली आहे, दळण दळताना बाया मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. एका शाळेच्या जुन्या इतिवृत्तात मी स्वतः वाचलं आहे, इमारत पुरी होईपर्यंत सुगीला दर घरटी पायलीभर ज्वारी द्यायची असा ठराव. तुमच्याकडे तसं घडलं असेल तर ती कणसं म्हणजे गावाच्या वर्गणीची पावतीच. दुसरं, साल. १९७२ चा दुष्काळ तुमच्या भागाने किती सोसला ते तुम्हाला मी सांगायला नको. खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी. त्यानंतर दोन वर्षांत शाळा उभी करणाऱ्या माणसांनी आपल्या रानातल्या ज्वारीचं कणीस चिन्हात घातलं, यात मला फार काही दिसतं. पण हे मला दिसतं. कागद किंवा माणूस बोलल्याशिवाय ते संस्थापकांच्या तोंडी घालू नका.

डोंगराचं सांगते आणि मग चिन्ह सोडते. फ्लेक्सवर दोन टोकदार त्रिकोण आहेत, लहान मुलं काढतात तसे. आपल्याकडचे डोंगर असे नसतात. वर सपाट पठार, खाली कातळाची पट्टी, मग उतार. शिक्क्यात डोंगराचा माथा सपाट आहे. म्हणजे चित्र काढणाऱ्याने तो बघून काढला आहे. शाळेच्या दारातून दिसणारा तो कुठला डोंगर हे गावातलं पोरगंही सांगेल. सूर्य त्याच्या कुठल्या अंगाला आहे तेही जाऊन पडताळा. डोंगर पूर्वेला असेल तर उगवता म्हणा, नसेल तर 'उगवता सूर्य' हे शब्द गाळा.

शोधायचं कुठे? पहिल्यांदा संस्थेचं इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंगची वही. त्यात नावाचा आणि शिक्का करून घेण्याच्या खर्चाचा ठराव बघा. चिन्हावर चर्चा झाल्याची नोंद क्वचित मिळते, पण 'ब्लॉक व शिक्का करणेस मंजुरी' अशी ओळ मिळाली की साल पक्कं होतं. वही हरवली असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्थेच्या घटनेची आणि शेड्यूल वनच्या (संस्थेच्या नोंदणीच्या) उताऱ्याची नक्कल मागता येते; उद्दिष्टांच्या कलमांत कधी कधी चिन्हामागचा विचार शब्दांत सापडतो. शाळेत जनरल रजिस्टर, लॉगबुक, तपासणीचं शेरेबुक, जुने दाखले, प्रगतिपुस्तकं, हस्तलिखितं, संमेलनाच्या पत्रिका हे सगळं एका टेबलावर सालवार मांडा. एकाच चिन्हाची दहा रूपं समोर आली की कुठल्या साली काय बदललं ते आपोआप दिसतं. सांगलीकडून हे वाचणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी: तुमचा जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव त्याला नंतर मिळालं. वाळवा किंवा तासगाव भागातल्या जुन्या शाळेच्या शिक्क्यावर 'सातारा' किंवा 'द. सातारा' दिसलं तर ती चूक नव्हे. कागदाचं वय सांगणारी खूण आहे.

चिन्हातल्या वस्तूंवरूनही काळ ताडता येतो. माझ्या पाहण्यात स्वातंत्र्याच्या आगेमागे चरखा जास्त, नंतर दातेरी चाक आणि कणीस, मग अणूची वलयं, आणि अलीकडे पृथ्वीचा गोल आणि संगणक. तुमच्या चिन्हात चाक नाही, वलयं नाहीत. १९७४ च्या मानाने काढणारा माणूस फॅशनच्या मागे न जाता गावाकडे बघत होता, असं मला वाटतं.

माणसांना विचारताना थोडी काळजी घ्या. चिन्ह समोर धरून 'ही समई का काढली?' असं विचारलंत तर समोरचा माणूस समईचं कारण शोधून देईल, कारण तुम्ही त्याला समई सांगितलीत. त्याऐवजी आधी मोकळं विचारा: शाळेचा पहिला बोर्ड कुणी रंगवला, शिक्का कुठून आणला, वर्ग कुठे भरायचे, पहिली वर्गणी कशी गोळा झाली. मग जुना शिक्का दाखवा आणि गप्प बसा. संस्थापक हयात नसतील, पण पहिल्या तुकडीतली मुलं आता साठीच्या पुढची आहेत, पहिला शिपाई असेल, त्या काळचे चित्रकलेचे किंवा हस्तव्यवसायाचे गुरुजी असतील, वडूज किंवा दहिवडीचा जुना छापखाना असेल. बायकांना विसरू नका. धान्य घरातून निघालं असेल तर ते कुणी मोजून दिलं हे त्यांनाच ठाऊक. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर एक खोटी ठरवायच्या फंदात पडू नका, दोन्ही लिहा आणि कोण म्हणालं ते लिहा.

आता पान लिहायचं कसं. मी तीन थर वेगळे ठेवते: कागदात जे आहे ते, माणसं सांगतात ते, आणि आज आपण त्यात बघतो ते. तुमच्याकडे पुरावे जुळले तर मजकूर साधारण असा होईल:

'शाळेच्या उपलब्ध कागदांत हे बोधचिन्ह सर्वप्रथम १९८१ च्या दाखल्यावर दिसते. पहिले वर्ग भैरवनाथाच्या सभामंडपात भरत, म्हणून शाळेला ग्रामदैवताचे नाव दिले असे पहिल्या तुकडीतील विद्यार्थी सांगतात. चिन्हातील दिवा म्हणजे देवळासमोरील दीपमाळ आणि डोंगर शाळेच्या पूर्वेचा, असे त्यांचे म्हणणे. कणसे ज्वारीची आहेत. इमारतीसाठी गावाने धान्यरूपाने वर्गणी दिली होती. आजचे विद्यार्थी आणि शिक्षक या दीपमाळेकडे सर्व घरांच्या एकत्र उजेडाची खूण म्हणून पाहतात.'

'सांगतात', 'म्हणणे', 'पाहतात' या क्रियापदांवर लक्ष द्या. कशाला किती आधार आहे ते त्यांतून कळतं, आणि वाचणाऱ्याला अडखळायलाही होत नाही. काही सापडलं नाही, तरी पान रिकामं राहत नाही. जुन्या आणि नव्या चिन्हाचे फोटो शेजारी छापा, दिसतं ते नेमक्या शब्दांत लिहा आणि 'कुणाला अधिक माहिती असल्यास शाळेशी संपर्क साधावा' अशी ओळ टाका. स्मरणिका गावभर फिरते. अशा ओळीमुळे अंक निघाल्यानंतर कुणीतरी माळ्यावरची पेटी उघडल्याचं मी पाहिलं आहे.

खालच्या ओळीबद्दल थोडंसं. 'तमसो मा ज्योतिर्गमय' हे बृहदारण्यक उपनिषदातलं वचन. मूळ तिथलं आहे एवढं लिहिलंत तरी पुरे. छापताना 'ज्यो' मधला 'य' जपा. तुमच्या फ्लेक्सवर 'जोतिर्गमय' पडलं आहे, ते स्मरणिकेआधी दुरुस्त करून घ्या.

राहता राहिले विश्वस्त आणि 'मॉडर्न' चिन्ह. माझं मत स्पष्ट आहे: पन्नासाव्या वर्षी चिन्ह बदलू नका, स्वच्छ करा. जुन्या छापावरून चांगल्या हातून रेखाटन करून घ्या, दीपमाळ दीपमाळ दिसू द्या, ज्वारी ज्वारी दिसू द्या, डोंगर सपाट असू द्या. मूळ चिन्ह एकाच रंगाचं होतं. फ्लेक्सवरचे केशरी-हिरवे-निळे रंग कुणी ठरवलेले नाहीत, ते छापणाऱ्याच्या मर्जीचे आहेत. एक किंवा दोन रंग संस्थेच्या बैठकीत ठराव करून पक्के करा. विश्वस्तांना नवेपण हवं असेल तर ते या स्वच्छ रेषांतून भरपूर मिळेल आणि जुन्या विद्यार्थ्याला आपली शाळा ओळखूही येईल. बदलायचंच ठरलं तर एवढं बघा की नव्या चिन्हात अशोकस्तंभाचे सिंह येऊ नयेत. राष्ट्रीय बोधचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत आणि खाजगी संस्थेच्या शाळेला ते आपल्या चिन्हात घेता येत नाही. नावाला हात लावायचा विचार निघाला, तर तो ठरावापुरता राहत नाही. धर्मादाय कार्यालय, शिक्षणाधिकारी, बोर्ड, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) अशा सगळीकडे बदल न्यावा लागतो आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांचे प्रश्न मागे उरतात. कर्मवीरांना म्हणे मोठ्या देणगीच्या बदल्यात छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदलायला सुचवलं होतं आणि त्यांनी ते साफ नाकारलं, ही गोष्ट साताऱ्यात आजही सांगितली जाते. विश्वस्तांच्या बैठकीत ती उपयोगी पडेल.

एक विनंती. दाखल्यावरच्या शिक्क्याचा मोबाइलने काढलेला फोटो रेखाटनाला पुरणार नाही. दाखला सपाट ठेवून किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि त्यावरचं विद्यार्थ्याचं नाव, जात, जन्मतारीख झाकून फक्त शिक्क्याचा भाग पाठवा. देवळासमोरच्या दीपमाळेचा समोरून काढलेला एक फोटोही हवा, शक्यतो सकाळच्या उजेडात, म्हणजे हातांच्या सावल्या नीट पडतात. दोन्ही एकमेकांवर ठेवून जुळतं का ते मी बघून सांगते.